नववं कारण

उभेदादाची कंबर पहिल्यांदा धरली तेव्हा त्याच्या ताब्यात बँकेतल्या एका साहेबांचं डोकं होतं. साहेबांच्या गालांना साबण लावून झाला होता, वस्तरा फिरवायचा तेवढा बाकी होता. कंगवा हातातून निसटला, तो उचलायला दादा वाकला आणि वाकलेलाच राहिला. साहेब डोळे मिटून बसले होते. बराच वेळ काहीच होईना म्हणून त्यांनी डोळे उघडले, तर आरशात त्यांचा एकट्याचाच पांढराफेक चेहरा.

"दादा, आहात ना?"

"इथंच आहे साहेब," खुर्चीमागून, बरंच खालून उत्तर आलं. "जरा केर बघतोय."

केर बघण्यात चांगली पाच मिनिटं गेली. मग खुर्चीचा पाय, खुर्चीचा हात, साहेबांचा खांदा असं एकेक धरत दादा वर आला आणि काही झालंच नाही अशा थाटात त्याने दाढी पुरी केली. साहेबही शहाणे. आपला खांदा इतका घट्ट का धरला, हे त्यांनी विचारलं नाही.

त्याला उभेदादा म्हणत ते काही उगीच नाही. सव्वीस वर्षांत त्याला स्वतःच्या सलूनमध्ये बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक असलं की खुर्चीमागे उभा, नसलं की दारात उभा. बसलं की हात बसतात, असं त्याचं म्हणणं. आणि उभं राहणं तरी कसं, छाती पुढे, मान ताठ. रस्त्याने जाणाऱ्या पोक काढलेल्या माणसांकडे तो अशा काही दयेने बघायचा की ती माणसं चालता चालता सरळ व्हायची. दुकान थाटलं त्याच दिवशी त्याच्या लक्षात आलं की भिंतीवरच्या मोठ्या आरशाची चौकट आपल्या खांद्यांशी जुळत नाही. चूक भिंतीची आहे हे ठरवायला त्याला क्षणही लागला नाही. चौकटीच्या उजव्या कोपऱ्याखाली त्याने पुठ्ठ्याची घडी सरकवली, चौकट खांद्यांना जुळवून घेतली आणि तो विषय संपवला.

अशा माणसाची कंबर धरावी! आणि धरली ती धरलीच. तीन महिने झाले तरी सोडायचं नाव नाही. सकाळी बरी असायची, दुपारी कुरकुरायची आणि संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक खुर्चीत बसेपर्यंत उजव्या बाजूला, पट्ट्याच्या जरा खाली, कुणीतरी खिळा ठोकून त्याला पिशवी टांगल्यासारखं व्हायचं.

आता सलूनमध्ये दुखणं लपत नाही आणि दुखणं कळलं की कारण सांगितल्याशिवाय कुणी उठत नाही. बँकेतले साहेब म्हणाले, मागच्या खिशात पाकीट ठेवू नका, सगळं तिथून सुरू होतं. दादाने पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं. आठ दिवसांत शर्टाचा खिसा तेवढा उसवला. बस चालवणारा एक जण म्हणाला, बसून बसून होतं. दादा म्हणाला, मी बसतच नाही. "मग न बसून झालं असेल," तो म्हणाला आणि पैसे देऊन गेला. बायकोने दोष गादीला दिला. गादी मऊ म्हणून दादा जमिनीवर झोपला, मग कुणीतरी जमीन कडक म्हणाला म्हणून सतरंजी आली, मग दोन सतरंज्या, आणि पंधरा दिवसांत तो पुन्हा गादीइतक्याच उंचीवर पोचला. व्यायामशाळेत जाणाऱ्या एकाने छातीठोकपणे सांगितलं की दुखतं कंबरेत पण दोष पोटाचा. पोट कमावलं की कंबर सुटते. दादाने पोट कमावायला घेतलं, तर तिसऱ्या दिवशी कंबर दुसऱ्यांदा धरली, ती थेट न्हाणीघराच्या दारात. शिंकलं की होतं, बादली उचलली की होतं, वय झालं की होतंच, असं म्हणणारेही होते. एका कॉलेजातल्या बाईंनी, मुलाचे केस कापायला आल्या होत्या, शांतपणे सांगितलं, "मनातलं बोलून टाकलं नाही ना, की ते कंबरेत जाऊन बसतं." दादाला हसू आलं. मनातलं मनात ठेवायचं नाही, तर सलून चालवायचं कसं?

मेव्हण्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला, कारणांत अजिबात रस नव्हता. त्याला मोबाइलचं दुकान काढायचं होतं, आणि कोपऱ्यावरची, दोन्ही रस्त्यांवरून दिसणारी ही जागा त्याच्या डोळ्यांत केव्हाची भरली होती.

"दाजी, किती दिवस हाल करून घेणार?" तो प्रेमाने म्हणायचा. "आता आरामात घरी बसा. जागा मी सांभाळतो. एक तारखेपर्यंत सांगा म्हणजे झालं."

बायकोही भावाच्याच बाजूने. रात्री नवऱ्याची कंबर चोळून तिचेही हात भरून यायचे. "खरंच, बसा आता," ती म्हणाली. दादाने नुसती मान डोलावली. दुकान गेलं तर सकाळी आठ वाजता जायचं कुठे आणि उभं राहायचं कशासाठी, हे त्याला कळेना. बसलेल्या उभेदादाला लोक काय म्हणतील, हाही एक प्रश्नच होता. त्याला खरोखर भीती वाटत होती, आणि ती त्याने कुणालाही सांगितली नाही.

शेवटी तो गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी त्याला टेबलावर उताणा झोपवला, मग पालथा झोपवला, पाय वर करायला लावले, टाचेने ढकला म्हणाल्या, फोटो काढून आणा म्हणाल्या. फोटोत वयाला शोभेल अशी कंबर निघाली. त्यांनी गोळ्या दिल्या, एक पट्टा दिला आणि एक छापील पत्रक दिलं. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'कंबरदुखीची सामान्य कारणं', आणि खाली बारीक अक्षरांत अकरा कारणं. दादाला तेवढं बारीक दिसत नसे, आणि चष्मा लावून केस कापणाऱ्या माणसाच्या हाती कोण मान देईल, म्हणून चष्म्याचं नाव त्याने कधी काढलं नव्हतं. त्याने पत्रक मास्तरला वाचायला दिलं.

मास्तर म्हणजे शेजारच्या दुकानातला टेलर. दोघांची दुकानं एकाच महिन्यात सुरू झालेली, मधे एक विटेची भिंत. दादाच्या अंगावरची प्रत्येक पँट मास्तरच्या हातची आणि मास्तरच्या डोक्यावरचा प्रत्येक केस दादाच्या हाताखालून गेलेला. दर दुसऱ्या सोमवारी सकाळी आठला, दुकानं उघडायच्या आधी, मास्तर येऊन खुर्चीत बसायचा. पत्रकही त्याने खुर्चीत बसूनच वाचलं, गळ्याभोवती कापड, हात कापडाबाहेर.

"एक, फार वेळ बसणं. दोन, फार वेळ उभं राहणं."

"झालं. म्हणजे माणसाने लोंबकळायचं काय?"

"तीन, वाकून वजन उचलणं. चार, वजन वाढणं. पाच, व्यायामाचा अभाव." असं करत मास्तर आठपर्यंत आला, थांबला, घसा खाकरला आणि म्हणाला, "दहा, मानसिक ताण. अकरा, वाढतं वय."

"नववं राहिलं."

"नववं बायकांचं आहे. गरोदरपणातलं."

"मग नको," दादा म्हणाला आणि त्याने पत्रक घडी करून वस्तऱ्याच्या खणात टाकलं.

मास्तर त्या दिवशी जरा गप्प गप्प होता, पण दादाने विचारलं नाही. गिऱ्हाईकाला काही विचारायचं नाही आणि त्याच्याबद्दल त्याला काही सांगायचं नाही, हे दादाच्या धंद्यातलं पहिलं कलम. हे त्याला शिकवलं एका पोस्टमास्तरांनी. दुकान नवं असताना दादाने मोठ्या उत्साहाने त्यांना सांगितलं होतं, "साहेब, मागे विरळ व्हायला लागलेत हं." पोस्टमास्तरांनी मागे हात फिरवून पाहिला, पैसे दिले, आणि पुढची वीस वर्षं ते रस्ता ओलांडून पलीकडच्या सलूनमध्ये गेले. तेव्हापासून दादा केस कापून झाल्यावर मागे हातातला आरसा धरायचा तो असा बेताने कलता की गिऱ्हाईकाला मानेवरची सफाई दिसावी आणि टाळू दिसू नये. किती माणसं आपल्या डोक्यावर भरघोस केस आहेत अशा समजात सुखाने जगत होती! दादाला या कसबाचा कात्रीपेक्षाही जास्त अभिमान होता.

त्याच कलमाखाली त्याने मास्तरच्या उजव्या कानामागचा तीळ पोटात ठेवला होता. वर्षभरापूर्वी तो टाचणीच्या डोक्याएवढा होता. दिवाळखोर माणसाच्या कर्जासारखा... छे, कर्जाचं कशाला, सरळ सांगायचं तर तो दर दोन आठवड्यांनी वाढत होता. आता तो शर्टाच्या कॉलरच्या बटणाएवढा झाला होता, एका बाजूने काळा, एका बाजूने तपकिरी, आणि कडेला शाई फुटावी तसा फुटलेला. महिन्याभरापूर्वी त्यातून आपोआपच रक्त आलं. वस्तरा अजून दादाने उचललाही नव्हता. मास्तरच्या मानेला ओलं लागलं, तो दचकला. दादाने झटकन तुरटी लावली.

"काही नाही रे, जरा वस्तरा लागला," तो म्हणाला.

"सव्वीस वर्षांत पहिल्यांदा," मास्तर हसून म्हणाला. "म्हातारा झालास."

ते बोलणं दादाला लागलं, पण त्याने ऐकून घेतलं. मित्राच्या जिवाला घोर लावण्यापेक्षा आपल्या हाताला बट्टा लागलेला बरा, असा त्याने विचार केला आणि त्याबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. कंबर दुखत होती म्हणून जरा वरच थोपटली.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मुलगी घरी आली आणि तिने बापासाठी तयार पँट आणली, दुकानातली, कंपनीची. दादाने घालून पाहिली तर डावा पाय जमिनीवर लोळतोय.

"काय कंपन्या झाल्यात," तो म्हणाला. "एक पाय लांब, एक आखूड."

मुलीने मुकाट्याने पँट बदलून आणली. दुसऱ्या पँटचाही डावा पाय लोळला. दादाने कंपनीचा उद्धार केला, कापड कापणाऱ्या यंत्राचा केला, यंत्र चालवणाऱ्याचा केला. बायकोने एवढ्या वेळात काय केलं, तर ती पँट पलंगावर पसरली आणि दोन्ही पाय एकमेकांवर ठेवले. दोन्ही अगदी सारखे. मग तिने कपाटातून मास्तरच्या हातची एक पँट काढली आणि तसेच पाय जुळवले. डावा पाय पाऊण इंच आखूड. दुसरी काढली. तीही तशीच. कपाटातल्या झाडून सगळ्या पँटी तशाच.

"अहो," ती म्हणाली, "तुमचे मास्तर तुम्हाला वाकड्या पँटी शिवतात."

दादाला रात्रभर झोप आली नाही. सव्वीस वर्षं! नुसती दिवाळीला एक नव्हे, दर वर्षी दोन पँटी, आणि प्रत्येक वाकडी. उघडपणे हसून आपल्याला म्हातारा झालास म्हणणारा हा माणूस. आणि आपण तो वस्तरा आपल्या माथी घेतला!

दुसऱ्या दिवशी सोमवार होता आणि एक तारीखही. अकराला मेव्हणा यायचा होता. आठला मास्तर आला, खुर्चीत बसला. दादाने गळ्याभोवती कापड बांधलं, नेहमीपेक्षा जरा आवळूनच, आणि डावीकडून कापायला सुरुवात केली. डावी बाजू होईपर्यंत त्याने दम धरला. मग कात्री ठेवली, पिशवीतून दोन्ही पँटी काढल्या आणि मास्तरच्या मांडीवर टाकल्या.

"ही कंपनीची. ही तुझी. पाय जुळवून बघ."

मास्तरने पाहिलंही नाही. तो आरशातून दादाकडे बघत राहिला.

"सव्वीस वर्षं मला वाकड्या पँटी घालून फिरवलंस," दादा म्हणाला. "कात्री धरता येत नव्हती तर सांगायचं होतंस. मी शिकवली असती."

मास्तर गरीब स्वभावाचा माणूस. गिऱ्हाईक काहीही बोललं तरी तो टेप गळ्यात घालून हसायचा. पण कात्रीचं नाव निघालं आणि त्याचे कान लाल झाले.

"माझी कात्री वाकडी?" तो खुर्चीतच गर्रकन वळला. "माझी? अरे, तुझा पाय आखूड आहे! डावा! पाऊण इंच! पहिल्या मापाला मला दिसलं. एवढ्या वर्षांत एकदा तरी तुझी पँट जमिनीला लागली? एकदा तरी कुणाला कळलं? आणि माझी कात्री वाकडी!"

दादा आपल्या डाव्या पायाकडे बघायला लागला. इतकी वर्षं बरोबर राहिलेल्या त्या पायाने कधी चकार शब्द काढला नव्हता.

"काहीतरीच," तो म्हणाला.

मास्तर उठला. बाकावरची जुनी मासिकं घेतली, तीन मोजून खाली ठेवली आणि म्हणाला, "डावा पाय ह्यावर ठेव. उभा राहा. ताठ राहतोस ना, तसा."

दादा उभा राहिला. पहिल्यांदा त्याला वाटलं आपण उजवीकडे कलंडणार. मग हळूहळू, तीन महिन्यांत पहिल्यांदाच, खिळ्यावरची ती पिशवी कुणीतरी काढून घेतली. त्याने समोर पाहिलं.

"मास्तर, आरसा वाकडा आहे रे."

"सव्वीस वर्षं वाकडाच आहे," मास्तर म्हणाला. "अख्ख्या गल्लीला माहीत आहे. तुला सांगणार कोण?"

दादाला हसावं की रडावं कळेना. मग त्याला पत्रक आठवलं. त्याने खण उघडला, घडी उलगडून मास्तरसमोर धरली. "नववं वाच."

मास्तरने खाली मान घातली. "दोन्ही पायांच्या लांबीतला फरक," त्याने वाचलं. "हा फरक अनेकदा वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. बुटात उंचवटा घातल्यास—"

"बायकांचं होय रे?" दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, दोन्ही पायांच्या, सारखीच. "तीन महिने मी कंबर धरून उभा राहिलो. आज मी दुकान सोडणार होतो, मास्तर. अकराला तो येणार आहे. आणि तू इथं बसून नववं गिळलंस?"

"मग काय सांगणार होतो? गिऱ्हाईकाला त्याचं अंग कुणी सांगतं? कुणाचा खांदा पडलेला असतो, कुणाचं पोट सुटलेलं असतं. आपण कापडात भरून काढायचं आणि गप्प बसायचं. तू वेगळं काय करतोस?" मास्तरचा आवाज खाली आला. "पत्रक वाचलं तेव्हा कळलं मला. त्या दिवशीच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, एवढी वर्षं कुठे होतास? जितके दिवस गेले तितकं अवघड होत गेलं. दोस्त आहेस, म्हणून तर जास्तच."

एवढं बोलून तो पुन्हा खुर्चीत बसला आणि मान पुढे करून, दोन्ही हातांत डोकं धरून राहिला. उजव्या कानामागचे केस अजून कापायचे होते. दादा त्याच्या मागे उभा होता, आणि तीळ त्याच्या डोळ्यांसमोर होता.

खूप काही बोलायचं होतं दादाला. मित्र असा असतो का, हे विचारायचं होतं. माणसाचं आयुष्य बरबाद झालं तरी तोंड उघडायचं नाही म्हणजे काय, हेही विचारायचं होतं. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. ते तिथेच राहिलं. मासिकांवरून त्याचा पाय घसरला.

"मास्तर," तो म्हणाला, "चल. डॉक्टरीणबाईंकडे."

"आता कशाला? मोच्याकडे जा. टाचेखाली चामडं लावून देईल."

"माझ्यासाठी नाही."

मग त्याने हातातला आरसा घेतला, मास्तरच्या कानामागे धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा न कलवता धरला. मास्तरला दिसायला थोडा वेळ लागला.

"हे काय आहे?"

"ते त्या सांगतील," दादा म्हणाला आणि सोमवारी सकाळी नऊ वाजता त्याने दुकानाचं शटर ओढलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "कधीपासून आहे हे?"

"मला काय माहीत?" मास्तर म्हणाला. "मला मागे डोळे थोडेच आहेत."

बाईंनी दादाकडे पाहिलं. अर्धे केस कापलेला माणूस आणि कात्री खिशात असलेला माणूस; कोणाला विचारायचं हे त्यांना कळलं.

"वर्ष झालं असेल," दादा म्हणाला.

"वाढलाय?"

"हो."

"रक्त?"

दादा जमिनीकडे बघत होता. "दीड महिन्यापूर्वी. आपोआप आलं."

मास्तर टेबलावर बसल्या बसल्या वळला. "तो तर वस्तरा लागला होता."

बाईंनी हातमोजे चढवले. आजच्या आज काढून तपासायला पाठवायला हवा, त्या म्हणाल्या. तपासणीत काय निघेल ते आत्ता सांगता येणार नाही, पण वर्षापूर्वी आला असतात तर मला जास्त बरं वाटलं असतं. हे त्या मास्तरला म्हणाल्या, पण बघत दादाकडे होत्या.

दादा बाहेर थांबला. खुर्च्या रिकाम्या होत्या, तो बसला नाही. टेबलावर मासिकं होती. त्याने तीन घेतली, डाव्या पायाखाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. अकराला मेव्हण्याचा फोन आला.

"दाजी, शटर बंद दिसतंय," त्याच्या आवाजातला आनंद लपत नव्हता. "मी बाहेरून माप घेतलं. पाटी मोठी बसेल. मग, ठरलं समजू?"

"दुपारी उघडतोय," दादा म्हणाला. "उद्याही उघडणार आहे. रोजच उघडणार."

"आणि कंबर?"

"कारण सापडलं."

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण तासभर उभे आहोत आणि कंबर अजिबात दुखत नाहीये. तीन महिने ज्याच्यासाठी त्याने एवढे उपाय केले, ते सुख हेच. त्याला त्याची इतकी लाज वाटली की त्याने मासिकं पायाने बाजूला सारली आणि पुन्हा तसाच, उजव्या पायावर भार टाकून उभा राहिला, दुखेपर्यंत.

मास्तर बाहेर आला तेव्हा कानामागे पांढरी पट्टी होती. दोघं दुकानात आले. दादाने शटर वर केलं, कापड बांधलं आणि पट्टीला धक्का न लावता उजवी बाजू पुरी केली. एवढं सावकाश त्याने कधी कुणाचं काही कापलं नव्हतं. शेवटी त्याने मागे आरसा धरला, सरळ.

मास्तरने पट्टी पाहिली. मग नजर जरा वर गेली आणि तो खुर्चीत पुढे सरकला.

"हे टक्कल कधीपासून?"

"अकरा वर्षं होतील."

मास्तर आरशात बघत राहिला. त्याला राग आला असेल असं दादाला वाटलं, आणि आला असता तर बरं झालं असतं.

"रिपोर्ट शुक्रवारी मिळणार आहे," मास्तर शेवटी म्हणाला. "आणायला तू चल. तूच वाचून दाखव मला."

"मला बारीक अक्षर दिसत नाही."

"मग गुरुवारपर्यंत चष्मा कर," मास्तर म्हणाला. "आणि एकही ओळ गाळायची नाही."